व्यंगचित्र, सत्ता आणि एक नाकारलेली भेट

विशेष प्रतिनिधी

एखाद्या व्यंगचित्रावरून वादळ उठले की आपल्याकडे आणि जगातही प्रश्न एकाच पद्धतीने विचारला जातो: हे चित्र छापायला हवे होते की नको? संपादकांनी, व्यंगचित्रकारांनी आणि न्यायालयांनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने दिली आहेत आणि पुढेही देत राहतील. मात्र त्याच्या शेजारीच उभा असलेला दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चित्र छापून झाले आहे, लोक दुखावले आहेत, रस्त्यावर जमाव जमू लागला आहे. अशा वेळी पंतप्रधानाने, मुख्यमंत्र्याने किंवा पक्षप्रमुखाने नेमके काय करायचे? माफी मागायची, निषेध करायचा, पोलीस पाठवायचे, की मौन पाळायचे? बहुतेक नेते यांपैकी एखादी गोष्ट ऐनवेळी, दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांकडे पाहत करून मोकळे होतात. त्याची किंमत मात्र अनेकदा भलत्यालाच मोजावी लागते.

या बाबतीतला सर्वांत महागडा धडा डेन्मार्कने गिरविला. ३० सप्टेंबर २००५ रोजी ‘युलँड्स-पोस्टेन’ या तेथील मोठ्या दैनिकाने प्रेषित महंमद पैगंबर यांच्यावरील बारा चित्रे प्रसिद्ध केली. निमित्त होते एका लेखकाच्या तक्रारीचे. पैगंबरांच्या जीवनावर मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाला चित्रे काढून द्यायला कोणी धजावत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावरून सांस्कृतिक विभागाचे संपादक फ्लेमिंग रोस यांनी देशातील चित्रकारांना आवाहन केले आणि बारा जणांची चित्रे छापली. त्यांतील काही अगदीच निरुपद्रवी होती. एकात तर संपादकांचीच टर उडविलेली होती. पण कर्ट वेस्टरगार्ड यांच्या चित्रात पगडीत पेटत्या वातीचा बॉम्ब होता. जगाने लक्षात ठेवले ते हेच चित्र. एका संपूर्ण धर्माला बॉम्बशी जोडणारे चित्र म्हणून ते मुस्लिमांना झोंबले, आणि ते झोंबणे अनाकलनीय नव्हते.

१२ ऑक्टोबर रोजी मुस्लिम देशांच्या अकरा राजदूतांनी व प्रतिनिधींनी पंतप्रधान आंदर्स फॉग रासमुसेन यांना पत्र लिहून तातडीने भेट मागितली. हे पत्र आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यात केवळ व्यंगचित्रांचा विषय नव्हता. एका रेडिओ केंद्रावरून होणारी मुस्लिमविरोधी वक्तव्ये, एका खासदाराची आणि सांस्कृतिक मंत्र्यांची विधाने यांचाही त्यात उल्लेख होता. थोडक्यात, देशातील एकूण सूर बिघडत चालला आहे, अशी ती तक्रार होती. त्याचबरोबर संबंधितांना देशाच्या कायद्यानुसार जाब विचारावा, अशी मागणीही त्यात होती.

रासमुसेन यांनी २१ ऑक्टोबरला उत्तर पाठविले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा डॅनिश लोकशाहीचा पाया आहे, वृत्तपत्रांवर प्रभाव टाकण्याचे कोणतेही साधन सरकारकडे नाही, आणि ज्यांना अन्याय झाला असे वाटते त्यांना न्यायालयाचा मार्ग खुला आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. भेटीबद्दल त्यात अवाक्षरही नव्हते. ज्या तत्त्वांवर डॅनिश लोकशाही उभी आहे ती इतकी स्वयंस्पष्ट आहेत, की त्यासाठी भेटण्याचे कारणच नाही, अशी त्यांची भूमिका होती.

या उत्तरातील बहुतेक मजकूर बरोबर होता. पंतप्रधानाने संपादकाच्या वतीने माफी मागायची नसते, कारण वृत्तपत्र त्याचे नसते. एकदा त्याने ती मागितली, की पुढच्या प्रत्येक चित्रासाठी तोच जबाबदार ठरतो आणि मग चित्र छापण्यापूर्वी त्याची परवानगी घेणे हेही ओघाने येते. ज्या देशांत वृत्तपत्रे सरकारच्या मर्जीने निघतात, तेथील राज्यकर्त्यांना हा फरक उमगणे अवघड होते. तो त्यांना समजावून सांगणे आवश्यक होते. आणि नेमकी हीच संधी रासमुसेन यांनी गमावली. माफी नाकारणे हे तत्त्व होते. भेट नाकारणे हे तत्त्व नव्हते, तो निव्वळ ताठा होता. राजदूतांना भेटून, त्यांचे म्हणणे ऐकून, ‘आपल्या भावना दुखावल्याचे मला कळते, परंतु वृत्तपत्रावर कारवाई करणे माझ्या हाती नाही आणि असते तरी मी ती केली नसती’ असे समोरासमोर सांगता आले असते. मागणी अमान्य करण्यासाठीसुद्धा भेट देता येते, हे राजनैतिक व्यवहाराचे प्राथमिक ज्ञान आहे.

ही टीका आज मागाहून सुचलेली नाही. २० डिसेंबर २००५ रोजी डेन्मार्कच्याच बावीस माजी राजदूतांनी पंतप्रधानांच्या या निर्णयावर जाहीर टीका केली होती. तोवर दूतावासांना आग लागलेली नव्हती, बहिष्कारही सुरू झालेला नव्हता. पण रासमुसेन यांची देशांतर्गत अडचण वेगळी होती. त्यांचे अल्पमतातील सरकार स्थलांतरितविरोधी डॅनिश पीपल्स पार्टीच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर टिकून होते. मुस्लिम राजदूतांसमवेत चहा घेतानाचे छायाचित्र त्यांना परवडणारे नव्हते, असा तर्क केल्यास तो फार चुकीचा ठरू नये. तत्त्वाची भाषा आणि मतपेढीची सोय एकाच वाटेने जात असतील, तेव्हा नेत्याला आपण तत्त्वनिष्ठ आहोत असे वाटू लागते.

बंद दारामागून रस्त्यावर

घरचा दरवाजा बंद झाल्यावर डेन्मार्कमधील काही इमामांनी बाहेरचा दरवाजा ठोठावला. डिसेंबरमध्ये त्यांची शिष्टमंडळे कैरो आणि बैरुत येथे गेली. त्यांच्याजवळच्या दस्तऐवजात ‘युलँड्स-पोस्टेन’ने कधीही न छापलेली, अधिक ओंगळ चित्रेही होती. हे वर्तन प्रामाणिक म्हणता येणार नाही. मक्केत भरलेल्या इस्लामी राष्ट्रांच्या परिषदेतही हा विषय पोहोचला. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. इजिप्तच्या ‘अल फज्र’ या वृत्तपत्राने त्यांपैकी काही चित्रे ऑक्टोबर २००५ मध्येच, ऐन रमझानमध्ये छापली होती आणि तेव्हा कैरोत कोणीही रस्त्यावर उतरले नव्हते. चित्र आपोआप पेटत नाही. ते पेटविण्यासाठी कोणाची तरी गरज उभी राहावी लागते.

जानेवारी २००६ च्या अखेरीस सौदी अरेबियाने राजदूत परत बोलावला, लिबियाने दूतावास बंद केला आणि आखाती देशांतील दुकानांच्या फडताळांवरून डॅनिश लोणी व चीज नाहीसे झाले. आर्ला या दुग्ध कंपनीला मोठा फटका बसला. व्यंगचित्राशी तिचा संबंध एवढाच, की ती त्याच देशातली होती. ३० जानेवारीला दैनिकाचे मुख्य संपादक कार्स्टेन युस्ट यांनी भावना दुखावल्याबद्दल माफी मागितली. चित्रे छापण्याचा हक्क मात्र सोडला नाही. खुद्द रासमुसेन यांनी २ फेब्रुवारीला ‘अल अरेबिया’ वाहिनीला मुलाखत देऊन अरब प्रेक्षकांशी संवाद साधला. ऑक्टोबरमध्ये अकरा राजदूतांना जे सांगायला वेळ नव्हता, ते आता कोट्यवधी प्रेक्षकांना सांगावे लागत होते. आणि उशीर झाला होता. ४ फेब्रुवारीला दमास्कसमध्ये डेन्मार्क आणि नॉर्वेचे दूतावास जाळण्यात आले, दुसऱ्या दिवशी बैरुतमध्ये तेच घडले. नायजेरियापासून पाकिस्तानपर्यंत उसळलेल्या दंगलींत शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्यांतील सर्वाधिक नायजेरियातील होती. त्यांच्यापैकी किती जणांनी ती चित्रे पाहिली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. दुसऱ्या महायुद्धानंतरचे देशावरील हे सर्वांत मोठे परराष्ट्रीय संकट आहे, असे त्या वेळी रासमुसेन यांनाच म्हणावे लागले.

भेट झाली असती तर हे सारे टळले असते काय? असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. सीरियासारख्या देशात सरकारच्या इच्छेविरुद्ध एखादा जमाव दूतावासापर्यंत पोहोचतो, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. ज्यांना आग लावायची होती त्यांना काडी कोठेही मिळाली असती. पण ‘आम्ही आधी सनदशीर मार्गाने भेट मागितली आणि आम्हाला हाकलून लावले’ हे वाक्य त्यांना रासमुसेन यांनी आयते पुरविले. संकटात नेत्याचे काम आग विझविण्याचे असतेच, त्याआधी सरपण न पुरविण्याचे असते.

उलट बाजूच्या नेत्यांचे वर्तन याहून कमी दर्जाचे होते. पत्रावर सही करणाऱ्यांत तुर्कस्तानचे राजदूत होते. त्याच सुमारास त्या देशाचे पंतप्रधान रेसेप तय्यिप एर्दोगन आपल्याच व्यंगचित्रकारांना न्यायालयात खेचत होते. ‘जुम्हुरियेत’ दैनिकाचे मुसा कार्ट यांनी त्यांना लोकरीच्या गुंत्यात अडकलेले मांजर म्हणून रेखाटले, म्हणून न्यायालयाने कार्ट यांना २००५ मध्ये पाच हजार लिरा भरपाई द्यायला लावली. त्यावर ‘पेंग्वेन’ या विनोदी साप्ताहिकाने एर्दोगन यांना बेडूक, उंट, माकड, साप अशा निरनिराळ्या प्राण्यांच्या रूपात मुखपृष्ठावरच आणले. त्यांनी चाळीस हजार लिरांचा दावा ठोकला आणि २००६ मध्ये तो फेटाळला गेला. धर्माच्या अवमानाची तक्रार करणाऱ्या नेत्याला स्वतःच्या अवमानातला आणि धर्माच्या अवमानातला फरक कळत नसेल, तर त्या तक्रारीचे वजन कमी होते. ते झाले. आणि त्यामुळे सामान्य मुस्लिमाच्या खऱ्या दुःखाचेही वजन कमी झाले, हे अधिक वाईट.

भारतातही तेव्हा एक प्रकार घडला. उत्तर प्रदेशातील तत्कालीन मंत्री हाजी याकूब कुरेशी यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये मेरठच्या सभेत व्यंगचित्रकाराचे शिर आणणाऱ्यास ५१ कोटी रुपयांचे इनाम जाहीर केले. घटनेची शपथ घेतलेला मंत्री भर सभेत खुनासाठी बक्षीस लावतो आणि तरीही मंत्री राहतो, यावर काय भाष्य करायचे! मुलायमसिंह यादव यांचे सरकार तेव्हा सत्तेवर होते. व्यंगचित्राचा निषेध करण्याचा हक्क कुरेशी यांना होता. मंत्री या नात्याने त्यांचे कर्तव्य मात्र जमावाला घरी पाठविण्याचे होते.

आपल्याकडील उफराटी तऱ्हा

डेन्मार्कमध्ये पंतप्रधानाने दार लावून घेतले. आपल्याकडे दुखणे नेमके उलट आहे. आपले नेते दुखावलेल्या गटाला तत्परतेने भेटतात, निवेदन स्वीकारतात, छायाचित्र काढून घेतात आणि लगेच पोलीस अधीक्षकांना दूरध्वनी करतात. भेट आणि कारवाई यांच्यामध्ये जी विचाराची पायरी असायला हवी, ती गाळली जाते. आणि चित्र नेत्यावरच असेल तर भेटीचीही गरज भासत नाही.

वस्तुतः आपली परंपरा याहून मोठ्या मनाची आहे. के. शंकर पिल्लई यांनी १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ सुरू केले, तेव्हा ‘मलाही सोडू नका’ असे जवाहरलाल नेहरू यांनी त्यांना सांगितले आणि शंकर यांनी तो सल्ला वर्षानुवर्षे शब्दशः पाळला. १९७५ साली, आणीबाणीत, हे साप्ताहिक बंद पडले. महाराष्ट्रात ऑगस्ट १९६० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या ‘मार्मिक’चे प्रकाशन झाले ते मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्रबोधनकार ठाकरे चव्हाणांच्या विरोधी बाजूला होते, आणि या साप्ताहिकाचा कुंचला आपल्यावरही चालणार हे चव्हाणांना कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही ते गेले. सत्ताधाऱ्याने व्यंगचित्राला कसा प्रतिसाद द्यावा, याचा वस्तुपाठ म्हणून ही घटना पुरेशी आहे.

मात्र त्याच महाराष्ट्रात सप्टेंबर २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला मुंबई पोलिसांनी देशद्रोहाच्या कलमाखाली अटक केली. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या काळात त्याने संसद आणि राष्ट्रीय चिन्हे यांची विटंबना वाटावी अशी चित्रे काढली होती. ती चित्रे चांगली होती असे म्हणवत नाही. मुंबई उच्च न्यायालयालाही तसे वाटले नाही. त्यांत विनोद वा उपरोध नाही, आहे तो केवळ संताप आणि तिटकारा, अशा अर्थाचे मत न्यायालयाने मार्च २०१५ च्या निकालात नोंदविले. पण त्याच निकालात, हिंसेला चिथावणी नसताना असा संताप दडपता येणार नाही, असेही स्पष्ट केले. चित्र सुमार असणे हा गुन्हा नाही, हे एवढे स्वच्छपणे क्वचितच सांगितले गेले असेल. राज्य सरकारने देशद्रोहाचे कलम आधीच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, मागे घेतले होते. तोवर पृथ्वीराज चव्हाण सरकारची देशभर शोभा झाली होती आणि त्रिवेदीची चित्रे, जी एरवी फारशी कोणी पाहिली नसती, घराघरांत पोहोचली होती.

या प्रकरणाची शेपूट अधिक बोलकी आहे. निकालानुसार देशद्रोहाचे कलम केव्हा लावावे यासंबंधी पोलिसांना सूचना द्यायच्या होत्या. ऑगस्ट २०१५ मध्ये तसे परिपत्रक निघाले, परंतु त्याची मराठी शब्दरचना अशी होती, की लोकप्रतिनिधींवरील टीकाही देशद्रोह ठरावी. टीका झाल्यावर दोन महिन्यांत ते मागे घेण्यात आले. एव्हाना सरकार बदललेले होते, पण मंत्रालयातली लेखणी तीच होती! व्यंगचित्रकाराला संरक्षण देण्यासाठी निघालेल्या कागदावरही सत्ताधाऱ्यांच्या प्रतिष्ठेची छाया पडावी, याला काय म्हणावे?

२०१२ हे वर्ष या दृष्टीने वाईटच होते. एप्रिलमध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाला ममता बॅनर्जी यांच्यावरील चित्र ई-मेलने पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली. ते आरोपमुक्त झाले जानेवारी २०२३ मध्ये. जवळजवळ अकरा वर्षे! एका ई-मेलपायी इतका काळ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायला लागणे हीच शिक्षा असते. निकाल काय लागतो याला मग फारसा अर्थ उरत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात संसदेत जे झाले ते मात्र या सर्वांहून गुंतागुंतीचे आहे, आणि तेथे घाईने एक बाजू घेणे बरे नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत, असे ते चित्र. घटनेला लागणाऱ्या विलंबावर ते होते. स्वतः आंबेडकरांच्या हातातही चाबूक आहे आणि त्याचा रोख गोगलगायीवर आहे. तज्ज्ञांचा हा खुलासा खरा आहे. पण वर्गात बसलेल्या दलित विद्यार्थ्याला बाबासाहेबांमागे उगारलेला चाबूक दिसतो, तेव्हा त्याला १९४९ चा संदर्भ आठवत नाही. त्याच्या आजोबांच्या पाठीवरचे वळ आठवतात. व्यंगचित्र वृत्तपत्रात छापणे आणि तेच सरकारने पाठ्यपुस्तकात घालून सक्तीने वाचायला लावणे यांतही फरक आहे. वृत्तपत्र मिटून ठेवता येते. तेव्हा या तक्रारीची दखल घेणे हे सरकारचे कर्तव्यच होते, कारण पुस्तक सरकारी होते.

घेतली गेली ती कशी? ११ मे रोजी संसदेत गदारोळ झाला आणि मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी सभागृहातच माफी मागून ते चित्र काढण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्याच दिवशी राजीनामे दिले. ज्यांनी ते पुस्तक केले त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज त्या सभागृहात फारशी कोणाला वाटली नाही. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली ती नंतर. म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी मागाहून. हीच समिती आधी नेमली असती, लेखक आणि आक्षेप घेणारे समोरासमोर बसले असते, तर कदाचित चित्र गेलेही असते. पण ते युक्तिवादाने गेले असते. पुण्यातील त्या मोडतोडीमागील माणसांना संसदेने नकळत सांगितले होते, की आवाज चढविला की काम होते.

मालक, पक्षप्रमुख आणि मुख्यमंत्री

नेता एकाच वेळी अनेक भूमिकांत असतो, ही भारतातील आणखी एक अडचण. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘सामना’ने मराठा क्रांती मूक मोर्चावर एक व्यंगचित्र छापले. मोर्चात लाखोंनी सहभागी झालेल्या स्त्रियांचा त्यात अपमान असल्याची भावना पसरली, दैनिकाच्या नवी मुंबईतील कार्यालयावर हल्ला झाला आणि काही दिवसांनी उद्धव ठाकरे यांनी माफी मागितली. त्यांनी दबावाला बळी पडून अभिव्यक्तिस्वातंत्र्य सोडून दिले, अशी टीका तेव्हा झाली. ती पटण्यासारखी नाही. ठाकरे त्या दैनिकाचे सर्वेसर्वा होते. आपल्या घरच्या चित्राबद्दल माफी मागणे हा त्यांचा अधिकार आणि बहुधा कर्तव्यही होते. रासमुसेन यांनी परक्या वृत्तपत्रासाठी माफी मागणे जितके अयोग्य ठरले असते, तितकेच हे योग्य होते.

सप्टेंबर २०२० मध्ये मात्र त्यांची कसोटी निराळी होती. मुख्यमंत्री असलेल्या ठाकरे यांच्यावरील एक व्यंगचित्र व्हॉट्सअॅपवर पुढे पाठविल्यामुळे कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. आरोपींना अटक झाली, लगेच जामीनही मिळाला आणि ओरड झाल्यावर पुन्हा अटक झाली. येथे चित्राचा विषय, मारणाऱ्यांचा पक्षप्रमुख आणि राज्याचा मुख्यमंत्री ही एकच व्यक्ती होती. अशा वेळी पक्षप्रमुखाचा एक शब्द पोलिसांच्या दहा कलमांहून अधिक काम करतो. तो त्याच दिवशी, स्वतः, कार्यकर्त्यांना उद्देशून उच्चारायचा असतो. व्यंगचित्रकाराने स्थापन केलेल्या पक्षाला हे सांगावे लागावे, यातला विरोधाभास तेव्हा अनेकांनी दाखविला. विरोधकांनी अर्थातच संधी साधली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी त्या अधिकाऱ्याला दूरध्वनी करून विचारपूस केली, ते योग्यच झाले. पण तोच न्याय फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘विकटन’ला मिळाला नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्यासमोर नरेंद्र मोदी बेड्यांत बसलेले दाखविणाऱ्या चित्राबद्दल भाजपच्या तमिळनाडू प्रदेशाध्यक्षांनी तक्रार केली आणि या तमिळ समूहाचे संपूर्ण संकेतस्थळच बंद झाले. एका चित्रासाठी सगळे दुकान! मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये ते खुले करायला सांगितले, तेही ते चित्र तूर्त काढून ठेवण्याच्या अटीवर.

‘विकटन’ला हा अनुभव नवा नव्हता. १९८७ मध्ये ‘आनंद विकटन’च्या मुखपृष्ठावर आमदार आणि मंत्री यांना चोर-दरोडेखोरांच्या रूपात दाखविल्याबद्दल तमिळनाडू विधानसभेने संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली होती. देशभरातून निषेध झाल्यावर काही दिवसांतच त्यांना सोडावे लागले. पुढे त्यांनी न्यायालयात दाद मागितली, नुकसानभरपाई म्हणून एक हजार रुपये मिळविले आणि ती रक्कम चौकटीत बसवून भिंतीवर लावली.

हे सारे पाहता नेत्याने काय करावे याबद्दल फार मोठे तत्त्वज्ञान मांडावे लागत नाही. चित्र त्याच्या स्वतःवर असेल तर ते गिळावे, जमल्यास हसावे. चित्र एखाद्या समाजाला लागले असेल तर त्या समाजाच्या प्रतिनिधींना भेटावे, ऐकून घ्यावे, चित्र आपल्याला आवडले नसल्यास तसे सांगण्यासही हरकत नाही. परंतु चित्रकाराला वाचविणे आपल्यावर बंधनकारक आहे हेही त्याच बैठकीत, त्याच लोकांना सांगावे. फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्रों यांना ऑक्टोबर २०२० मध्ये हे काहीसे साधले. व्यंगचित्रे वर्गात दाखविणाऱ्या शिक्षकाची हत्या झाल्यावर त्यांनी आम्ही व्यंगचित्रे सोडणार नाही असे ठणकावले आणि मुस्लिम देशांत बहिष्काराची हाक उठल्यावर ‘अल जझीरा’ वाहिनीवर जाऊन, दुखावलेल्यांच्या भावना समजतात, पण ही चित्रे सरकारची नाहीत, असे सांगितले. पहिले वाक्य मायदेशी आणि दुसरे परदेशी, एवढी त्यातली चतुराई सोडली तर दोन्ही वाक्ये आवश्यकच होती. डेन्मार्कनेही मधल्या काळात वळणे घेतली. २०१७ मध्ये ईशनिंदेचा जुना कायदा रद्द केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेवर बंदी घालणारा नवा कायदा केला. धर्मग्रंथांच्या विटंबनेपुरताच तो मर्यादित ठेवून व्यंगचित्रे त्यातून वगळली गेली, हे विशेष.

भारतीय नेत्याच्या हाती तर डेन्मार्कच्या पंतप्रधानाला नसलेले एक साधन आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. धार्मिक भावना दुखावणे किंवा समाजांत वैर पसरविणे या गुन्ह्यांचा खटला न्यायालय सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय दाखल करून घेऊ शकत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९६ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते २१७ आहे. म्हणजे उथळ तक्रारींना गाळणी लावण्याचे काम कायद्यानेच सरकारवर सोपविले आहे. अडचण अशी, की अटकेसाठी ही मंजुरी लागत नाही. त्यामुळे चित्रकार आधी कोठडीत जातो आणि मंजुरीची फाइल मंत्रालयात सावकाश फिरते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात यावर एक तोडगा सुचविला. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अशा गुन्ह्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने, आधी प्राथमिक चौकशी करावी आणि शब्दांचा परिणाम कमकुवत मनाच्या नव्हे तर खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेतून जोखावा, असे न्यायालयाने म्हटले. हा निकष मूळचा नागपूरचा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तेथील उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो घालून दिला होता.

या निकालाचे रूपांतर पोलीस ठाण्यांसाठीच्या स्पष्ट, बंधनकारक आदेशात करायला गृहखात्याच्या एका परिपत्रकाखेरीज काही लागत नाही. फक्त २०१५ च्या परिपत्रकाचा अनुभव ध्यानात घेता, या वेळी त्याचा मराठी मसुदा सही होण्यापूर्वी कोणीतरी नीट वाचायला हवा.